भरून उतरते, रिकामी चढते

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची गाडी लावली की दर हंगामात कोणी ना कोणी तरुण पोरगा माझ्या गाडीला एक फेरी मारतो आणि विचारतो, "मावशी, विकायची का?" मी नाही म्हणते. मग तो सुचवू लागतो. रुंद टायर टाका, बॉडी चार इंच उचलून घ्या, पुढे एलईडीची पट्टी लावा, नवं इंजिन बसवा, रोडवर बघत राहतील लोक. पोरगा मनापासून बोलत असतो. जुन्या गाडीवर जीव असणारी पोरं मला आवडतात, म्हणून त्याला चहा पाजते. पण इतक्या वर्षांत एकानेही हिचे ब्रेक कसे आहेत, हे विचारलेलं नाही. माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

गाडी महिंद्राची एफसी-१५०, १९७२ सालची. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. हिला पुढे नाक नाही. चालक पुढच्या चाकांवर बसल्यासारखा बसतो आणि इंजिन दोन सीटांच्या मध्ये पत्र्याच्या झाकणाखाली असतं. मूळ गाडी अमेरिकेतल्या विलीज कंपनीची, तिकडे १९५६ च्या डिसेंबरात आलेली. महिंद्राने ती १९६५ पासून इकडे बनवायला घेतली. नाक नसल्याचा सगळा फायदा हौद्याला मिळाला. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ८१ इंच, जवळपास जीपएवढंच. सबंध गाडी सव्वाबारा फुटांची, आणि तेवढ्यात सहा फुटी हौदा. बांधावरच्या ज्या वाटेला ही एका दमात वळते, तिथे आजच्या पिकअपला तीनदा मागेपुढे करावं लागतं. आमच्या आबांनी १९८३ साली कुकडी प्रकल्पाच्या कालव्यावर काम करणाऱ्या एका ठेकेदाराकडून ती घेतली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. एकोणिसाव्या वर्षी तिच्यावरच गाडी शिकले, आणि आजही आमचा टोमॅटो, कांदा, शेणखत, ठिबकची बंडलं आणि वेळप्रसंगी शेजाऱ्याची आजारी गायसुद्धा तिच्यातूनच जाते.

आता आमच्या मुलखाचा उतार समजून घ्या, नाहीतर पुढचं पटायचं नाही. आम्ही राहतो घाटावर. आमचा माल खायला बसलेली माणसं राहतात घाटाखाली, कल्याण-मुंबईकडे. आळेफाट्याहून ओतूर, मढ करत माळशेजच्या तोंडाशी जाईपर्यंत रस्ता चढ-उताराचा असतो. तिथून टोकावड्याकडे तो धाडकन खाली पडतो. म्हणजे आमची गाडी भरून उतरते आणि रिकामी चढते. माळशेजच कशाला, कसारा घ्या, बोरघाट घ्या, कुंभार्ली घ्या, आंबा घाट घ्या. देशावरचा कांदा, गूळ, भाजी, दूध सगळं भरल्या गाडीने सह्याद्री उतरतं. मग आमच्याकडच्या जुन्या मालगाडीत सुधारणा करायची म्हटलं की पहिला पैसा ताकदीवर कशाला घालायचा? तो थांबण्यावर घातला पाहिजे.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. १९९१ साली पेट्रोल परवडेना म्हणून आबांनी गाडीचं इंजिन बदललं. त्या काळात गावोगावी जीपांना डिझेल इंजिनं बसत होती. कोणी मेटाडोरचं बसवायचा, कोणी ट्रॅक्टरच्या जातीचं. आबांनी महिंद्राचंच जुनं डिझेल इंजिन घेतलं, रीतसर परवानगी काढली, आरसी बुकावर चढवून घेतलं. गाडी चांगली ओढू लागली, खर्च निम्म्यावर आला, घरात पेढे वाटले. एक गोष्ट मात्र आमच्या कोणाच्या ध्यानात आली नाही. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की हवेची वाट बंद होते आणि इंजिन स्वतःच गाडीला मागे धरतं. बहुतेक डिझेल इंजिनांत ही धरून ठेवण्याची ताकद कमी. त्यात नवं इंजिन वजनाला जड. म्हणजे उतारावरचा भार ब्रेकवर वाढला, आणि ब्रेक होते ते तसेच १९७२ चे.

जुलै १९९३. पाऊस, धुकं, हौद्यात टोमॅटोची बेचाळीस लाकडी खोकी, वर ताडपत्री. आबा चालवत होते, मी शेजारी, आणि इंजिनाच्या झाकणाने माझा उजवा गुडघा भाजत होता. घाट अर्धा उतरलो असू. एका वळणाआधी आबांनी ब्रेक दाबला आणि त्यांचा पाय तळाच्या पत्र्यापर्यंत गेला. त्यांनी दोनदा, तीनदा पंप मारला. पॅडल हाताला चिखल लागावा तसं मऊ. आबांनी तोंडातून शब्द काढला नाही. कर्रकन आवाज करत गाडी दुसऱ्या गिअरात घातली, हँडब्रेक ओढला आणि डोंगराकडच्या गटारात चाक घातलं. पुढची बाजू दगडावर घासत घासत आम्ही थांबलो. मागची दहा-बारा खोकी फाळक्यावरून रस्त्यावर गेली. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने उतरून आधी आमच्या चाकांपुढे दगड लावले आणि मग विचारलं, "लागलं का कोणाला?" रस्त्यावर लाल चिखल झाला होता. मला आजही टोमॅटो कुजल्याचा वास आला की ते वळण आठवतं.

कारण नंतर कळलं, आणि ते साधं होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. आमचं कित्येक वर्षांत बदललेलं नव्हतं. उतारावर ड्रम तापले, ऑइलात मुरलेल्या पाण्याची वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पाय दाबत होता तो वाफेला. शिवाय चारही चाकांची लाइन एकच. एकीकडे बिघडलं की सगळीकडे गेलं.

मी पुढे एकदा वहीत हिशेब मांडला. गाडी आणि माल मिळून २२०० किलो धरा, उतार ५०० मीटरचा धरा. एवढं वजन खाली येताना जी ऊर्जा सुटते ती तीन युनिट विजेएवढी भरते. तेवढ्यात तीसेक लिटर पाणी उकळेल. ही सगळी उष्णता गाडीच्या ब्रेकने पोटात घ्यायची असते, निदान जेवढी इंजिन अडवत नाही तेवढी तरी. तीसेक लिटर पाण्याचं पातेलं चुलीवर ठेवलेलं डोळ्यापुढे आणा आणि मग चार ड्रमांकडे बघा. जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरात घाट चढशील त्याच गिअरात उतर. त्या सांगण्यामागे हाच हिशेब होता.

आबा २०१५ साली गेले. गाडी विकायची की ठेवायची यावर घरात बोलणं झालं. ठेवायची ठरली तेव्हा मी एक अट घातली: राबवायची असेल तर आधी थांबायला शिकवायची. आळेफाट्याजवळचे आमचे मिस्त्री, ज्यांनी आयुष्यभर जीपाच खोलल्या, त्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गाडीखाली बॅटरी घेऊन पडून राहिले. बाहेर येऊन म्हणाले, "ताई, इंजिनाला हात नको लावायला. पैसा इथे खाली घालू."

पैसा खाली गेला. ब्रेकच्या सगळ्या लाइनी नव्या टाकल्या. जुना एकेरी मास्टर सिलिंडर काढून दोन भागांचा बसवला, म्हणजे पुढची लाइन फुटली तरी मागची चाकं धरतील आणि मागची गेली तर पुढची. चारही चाकांचे सिलिंडर नवे, लायनर नवे, ड्रम खरादावर सारखे करून घेतले. सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेतून आले. दोन चकरांत काम झालं. आणि बूस्टर बसवला. इथे मिस्त्रींनी मला जे शिकवलं ते जुन्या गाड्या हाताळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवं. बूस्टरला लागते निर्वात पोकळी. पेट्रोल इंजिन ती आपल्या श्वासातूनच देतं. डिझेलला वेगळा पंप लावावा लागतो. तो बहुतेक वेळा अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो. आमच्या गाडीला होता डायनॅमो, जो इंजिन मंद चालत असताना बॅटरी भरतच नाही. म्हणून डायनॅमो काढून पंपवाला अल्टरनेटर बसवला, त्याला इंजिनातून ऑइलची बारीक नळी दिली, आणि एका कामात उजेड आणि ब्रेक दोन्ही सुधारले. पण त्यात एक मेख आहे. पट्टा तुटला तर दोन्ही एकदम जातात. बूस्टरमध्ये साठलेल्या पोकळीवर दोन-तीन वेळा ब्रेक हलका लागतो, मग सगळं बळ आपल्या पायाचं. म्हणून माझ्या सीटखाली नवा फॅनबेल्ट आणि तो बदलायचे पाने कायम असतात. ब्रेक ऑइल मी दर दोन वर्षांनी, गुढीपाडव्याच्या आसपास बदलते. तारीख डॅशबोर्डच्या आत खडूने लिहिलेली असते.

बूस्टर बसवायला चेसिसला छिद्रं पाडायची वेळ आली तेव्हा मिस्त्री थबकले. चेसिसच्या वरच्या आणि खालच्या कडांना हात लावायचा नाही, कारण भार त्या कडा पेलतात. भोक पाडायचं तर मधल्या उभ्या भागात, आणि वेल्डिंग टाळायचं. त्यांनी पट्टीचा ब्रॅकेट करून जुन्याच भोकांतून बोल्ट घातले. एका दिवसाचं काम चार दिवसांवर गेलं. मला त्या चार दिवसांचं मोल जास्त वाटतं.

हौद्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मालगाडीचं खरं अंग तेच, आणि हौशी लोक नेमकं त्याच्याशी खेळतात. आमच्या हौद्याचा तळ पत्र्याचा होता. क्रेटमधून निथळणारं पाणी, शेणखताचा ओलावा, खताच्या गोण्यांतून सांडलेलं मीठ; पत्रा खालून खाल्ला गेला होता. नवा पत्रा टाकण्याऐवजी सुताराकडून बाभळीच्या फळ्या घेतल्या. बैलगाड्यांना पिढ्यान् पिढ्या बाभूळ का वापरली, हे त्या फळीवर एकदा कुदळ आपटून पाहिलं की कळतं. दोन फळ्यांत बोटभर फट ठेवली, पाणी खाली जातं. खिळा एकही नाही. बोल्टचं डोकं फळीत बुडवलेलं, म्हणजे क्रेट ओढताना अडकत नाही. एखादी फळी खराब झाली तर अर्ध्या तासात तेवढीच बदलते. शहरातल्या गाड्यांना सागाच्या पॉलिश केलेल्या फळ्या आणि मधे चकचकीत स्टीलच्या पट्ट्या लावलेल्या मी पाहिल्यात. दिसतात सुंदर. त्यांच्यावर फावडं फिरवायची छाती मात्र कोणाची होणार नाही, आणि ज्या हौद्यात फावडं फिरवता येत नाही तो माझ्या कामाचा नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. टोमॅटोच्या तोड्याला माझ्याकडे आठ-दहा बायका येतात. वीस किलोचं क्रेट त्या कमरेवरून उचलून फाळक्याच्या कडेवर टेकवतात आणि आत सरकवतात. गाडी चार इंच उचलली की तेच क्रेट छातीपर्यंत न्यावं लागतं. चाळीस क्रेट, चार इंच, आणि तोडा सुरू असताना एक दिवसाआड. कोणाच्या खांद्याने द्यायची ही किंमत? म्हणून टायर बदलताना मी मूळ मापाच्या जवळचेच रेडियल घेतले. ते रस्ता जुन्या नायलॉन टायरांपेक्षा चांगला धरतात आणि हौदा जमिनीपासून होता तिथेच राहतो. आपल्या भाषेत कुठल्याही छोट्या मालगाडीला 'टेम्पो' म्हणतात तो शब्द ज्या बजाज टेम्पोमुळे रुजला, त्यांची मेटाडोर आठवते? तिला पुढच्या चाकांची ओढ होती. मागे शाफ्ट नाही, त्यामुळे हौद्याचा तळ खाली. भरल्या गाडीची पुढची चाकं चढावर घसरायची, हे खरं. पण हमालांना ती प्रिय होती. गाडीची उंची ठरवताना उचलणाऱ्या माणसाचं मत कंपनीने विचारलं असो वा नसो, बदल करणाऱ्याने तरी विचारावं.

बाकीची कामं पटकन सांगते. सात इंची गोल दिव्यांत हॅलोजन बल्ब, नवी वायरिंग आणि रिले. समोरच्याला आंधळं करणारी एलईडी नाही. दोन्ही सीटांना पट्टे. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी चमकणारी पट्टी, कारण बंद पडलेल्या उसाच्या ट्रॉलीवर रात्री मोटरसायकल आदळून गेलेली पोरं आमच्या भागाने खूप पाहिलीत. कमानीला जादा पाटा घालायचा सल्ला मी धुडकावला. पाटा वाढवला की गाडी बसत नाही, म्हणून माणूस जास्त भरतो, आणि तो भार शेवटी चेसिस आणि ब्रेकवरच येतो. डिफरन्शियलचे दात बदलून हायवेला ऐंशीचा वेग काढायचा सल्लाही नाकारला. वेग दुप्पट केला तर थांबवायची ऊर्जा चौपट लागते, आणि मला पंचेचाळीसच्या वर जायचंच नाही.

जे सुधारता येत नाही तेही कबूल करते. या गाडीत चालकाच्या गुडघ्यापुढे पत्रा आहे आणि पत्र्यापुढे रस्ता. समोरासमोर धडक झाली तर झेलायला मधे काही नाही. कुठलाही मिस्त्री ते बदलू शकत नाही. म्हणून ही गाडी रात्री पुणे-नाशिक रस्त्यावर जात नाही आणि भरलेली माळशेज आता उतरत नाही. कल्याणचा माल आम्ही मोठ्या गाडीत देतो. हिची धाव शेतापासून बाजारापर्यंत.

इतकं सगळं करून झाल्यावर प्रश्न आला कायद्याचा, आणि हा लेख लिहायला बसले ते त्यासाठी.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी-चारचाकी, मूळ रूपात ठेवलेली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न केलेली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षांची. आणि अशी गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शनासाठी, संशोधनासाठी, रॅलीसाठी, इंधन भरायला किंवा दुरुस्तीला. रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला नाही. वारसा जपणाऱ्यांसाठी हा नियम चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझी गाडी वयाने त्यात बसते आणि कामाने बसत नाही. विंटेज म्हणवून घ्यायचं तर क्रेट खाली ठेवायची.

दुसरीकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२-अ कलमात तरतूद आली: परवानगीबाहेरचा बदल केला, त्यात नवे भाग बसवणंही आलं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ज्यांनी सायलेन्सर फाडले, गाड्या आकाशाला टेकवल्या, बंपरला लोखंडी शिंगं लावली त्यांच्यासाठी हे कलम हवंच. पण दोन भागांचा मास्टर सिलिंडर हा त्या शिंगांच्याच रांगेत बसतो का? मी एका कार्यालयात जाऊन विचारलं. पहिल्या खिडकीवर म्हणाले, चालतं. दुसऱ्या टेबलावर म्हणाले, कंपनीचं पत्र आणा. पन्नास वर्षांपूर्वीच्या मॉडेलचं पत्र कोण देणार? तिसऱ्यांनी हळू आवाजात सांगितलं, "कशाला विचारता? तसंच वापरा." म्हणजे जो गुपचूप करतो त्याचं बरं, आणि जो बिलं, फोटो घेऊन दारात उभा राहतो त्याची फेरी फुकट. अशाने लोक ब्रेक सुधारायचं सोडून देतील आणि १९७२ च्याच ब्रेकवर चाळीस क्रेट वाहतील, कारण कागदावर ते निर्दोष.

माझी मागणी लहान आहे. काचेच्या कपाटातली गाडी आणि भंगारातली गाडी यांच्या मधे राबणाऱ्या जुन्या गाडीसाठी एक कप्पा करा. ब्रेक, दिवे, पट्टे, स्टिअरिंग, टायर यांच्या सुधारणांची यादी जाहीर करा. त्या कशा बसवायच्या ते लिहा. बसवल्यावर रोलरवर चाक फिरवून ब्रेकची तपासणी करा आणि आरसी बुकावर नोंद करा. त्याच्या बदल्यात अटी घाला: वजनाची मर्यादा, वेगाची मर्यादा, जिल्ह्याची हद्द. मी सगळ्यांवर सही करीन. कायदा केंद्राचा आहे, पण घाट महाराष्ट्राचे आहेत. राज्याच्या परिवहन खात्याने ही मागणी दिल्लीत नेली पाहिजे.

धुराचं काय, असं कोणी विचारेल, आणि विचारायलाच हवं. माझ्या गाडीचं इंजिन आजच्या निकषांच्या जवळपासही नाही. मुंबई-पुण्याच्या दाट वस्तीत अशी डिझेल गाडी रोज फिरू नये, हे मला मान्य आहे. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर राज्याचा पर्यावरण कर आहे, तो मी कुरकुर न करता भरते. पण वर्षाकाठी तीन-साडेतीन हजार किलोमीटर, तेही शेतशिवारातून, चालणारी गाडी मोडून तिच्या जागी नवी घ्यायची तर त्या नव्या गाडीचं लोखंड, रबर, काच घडवायलाही धूर निघालेलाच असतो. या गाडीचं रूप आखलं ब्रूक्स स्टीव्हन्स या अमेरिकी आरेखकाने. गिऱ्हाइकाला गरजेच्या थोडं आधीच नवं काही घ्यावंसं वाटलं पाहिजे, हा विचार १९५४ पासून भाषणांतून ज्याने गाजवला तो हाच माणूस. त्याच्याच हातच्या गाडीने गेल्या आठवड्यात अडतीस क्रेट बाजारात पोचवली.

आणि नव्याला माझा विरोध नाही. उलट, जे नवं यावं असं वाटतं ते सांगते. स्वित्झर्लंडमध्ये एका दगडखाणीत बॅटरीवर चालणारा मोठा डंपर आहे. तो वरून भरून उतरतो आणि रिकामा चढतो. उतरताना त्याची मोटरच ब्रेकचं काम करते आणि बॅटरी भरते. त्या विजेवर तो बराचसा वर येतो. वाचलं तेव्हा मी वहीतला तो तीन युनिटांचा हिशेब पुन्हा काढून पाहिला. आमच्या घाटांची आखणी जणू याच यंत्रासाठी झालीय. जी उष्णता १९९३ साली आमच्या ब्रेकमध्ये उकळली, तीच वीज होऊन परत येऊ शकते. कलम ५२ बॅटरीचा संच बसवायला परवानगीची वाट ठेवतं, पण माझ्या गाडीला बसेल असा मान्यताप्राप्त संच मला अजून मिळालेला नाही, आणि बॅटरीचं वजन हौद्यातल्या क्रेटांतूनच वजा होईल. सरकारी तंत्रनिकेतनांतल्या पोरांनी रॅलीच्या गाड्यांऐवजी हे कोडं हातात घ्यावं. लागेल तेवढे दिवस माझी गाडी त्यांच्या दारात उभी करीन.

पुढच्या महिन्यात पासिंग आहे. मिस्त्रींनी चारही ड्रम उघडून लायनर पाहिले, मागचा डावा सिलिंडर किंचित पाझरत होता, तो बदलला. मी एक फाइल तयार केलीय: नाना पेठेतली बिलं, ब्रॅकेटचे फोटो, १९९१ सालच्या इंजिन-बदलाच्या नोंदीची प्रत, ब्रेक ऑइल बदलल्याच्या तारखा. ती निरीक्षकांच्या टेबलावर उघडून ठेवणार आहे, आणि त्यांना म्हणणार आहे की साहेब, आधी चाळीस क्रेट भरून गाडी उतारावर चालवून बघा, मग शिक्का मारा.